चेहरा दाखवा की!

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. सहाला दूधवाला बेल मारणार आहे, तरी ओट्याशी उभी राहून टाइप करतेय. बसले तर राग उतरेल आणि आज मला तो उतरायला नकोय.

संध्याकाळी नाच बघायला गेले होते. पुण्याहून आलेल्या दोघांचा. पत्रिकेवर नावं नव्हती, ती मुद्दामच दिली नव्हती. दोघांच्या डोक्यावरून मानेपर्यंत राखाडी जाळीच्या पिशव्या, अंगावर कपड्यांचे थर. शर्ट, परकर, कुणाच्या तरी आजोबांचा वाटावा असा कोट, गाऊन, एक सुती साडी, एक नारिंगी रेनकोट. जवळजवळ चाळीस मिनिटं ते एकमेकांच्या अंगावरचं उतरवून स्वतःच्या अंगावर चढवत राहतात. अट एकच. एकमेकांना लागलेला हात सुटायचा नाही. मनगट, कोपर, पाठ, कधी नुसती करंगळी. कोट या अंगावरून त्या अंगावर जाताना एकाच बाहीत दोन हात. सुरुवातीला मी उंच कोण, ठेंगणं कोण हे मनात धरून ठेवलं होतं. मग दोघंही गुडघ्यात वाकून चालायला लागले आणि तेही निसटलं. मग सोडून दिलं. बरं वाटलं सोडून दिल्यावर.

संगीत नव्हतं. कापडाची सळसळ, श्वास आणि हॉलचा पंखा.

शेवटी दोघांनी पिशव्या न काढताच नमस्कार केला. आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "अहो, चेहरा दाखवा की!" हशा. मागून दुसरा, "बाप्या हाय का बाई, तेवढं तरी सांगा!" आणखी हशा, शिट्टी. ते दोघं तसेच उभे राहिले, हातात हात. मग आत गेले. पडदा सुद्धा नीट पडला नव्हता आणि जिन्यावर चर्चा सुरू. रेनकोटवाला पुरुषच असणार, खांदे बघितले का. साडीवाली बाईच, बोटं बघितली का. घरी पोचेपर्यंत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज हजर: परदेशी थेरं, अंगाला अंग लावणं, आपली संस्कृती वगैरे. खाली अकरा अंगठे.

आता ऐका. म्हणजे, तुम्हाला सांगायची गरज नाहीच. माझ्या यादीतल्या लोकांना हे सांगावं लागत असेल तर यादीच चुकली. तरी सांगते.

२०१९ चा ऑगस्ट, सांगलीचा महापूर. आम्ही तेव्हा गावभागात, पहिल्या मजल्यावर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. जिन्याच्या पायऱ्या मोजायचं आम्ही बंद केलं होतं. सासूबाई ७८ वर्षांच्या. एसटीत शेजारी परका पुरुष बसला तर मिरजेपर्यंत उभ्या राहणाऱ्या. बोट आली तेव्हा अंधार होता, पाऊस होता, आणि बोटीतल्या माणसाच्या अंगावर नारिंगी जॅकेट, डोक्यावर टोपी, तोंडाला फडकं. त्यानं सासूबाईंना मागून, दोन्ही काखेत हात घालून उचललं. नऊवारी भिजून दगड झालेली. त्यांनी त्याच्या जॅकेटचा पट्टा असा धरला की नंतर बोटं सोडवायला मला दोन्ही हात लावावे लागले.

आज त्या नाचात रेनकोट घातलेल्यानं साडी नेसलेल्याला मागून काखेत हात घालून उचललं. तस्संच. माझ्या अंगावर काटा आला, आणि बरोब्बर त्याच क्षणी शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "हे काय, चारचौघांत?"

चारचौघांत! बोटीत चौदाजण होतो, बाई.

आणि संस्कृती कुणाला शिकवता? सांगलीला? १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा बायका रंगमंचावर येत नव्हत्या. स्त्रीभूमिका पुरुषच करायचे. दर ५ नोव्हेंबरला त्याच आठवणीनं हार घालता, नाट्यपंढरी म्हणून छाती फुगवता. पलूस तालुक्यातलं नागठाणे, बालगंधर्वांचं गाव, इथून कितीसं लांब आहे? महाराष्ट्रातल्या बायकांनी साडी कशी नेसावी हे एका पुरुषाकडं बघून ठरवलं. तेव्हा नाही कुणी ओरडलं, बाप्या हाय का बाई. ठाऊक असूनही बघत होते. आज ठाऊक नाही, तर बघवेना.

परदेशी म्हणाल तर हो, निम्मं आहे परदेशी. माझी भाची पुण्यात हेच शिकते, तिच्याकडून थोडं कळतं. अमेरिकेत अल्विन निकोलाय नावाच्या माणसानं १९५० च्या दशकात नर्तकांना डोक्यापासून पायापर्यंत ताणणाऱ्या पिशव्यांत घालून नाचवलं. माणूस गेला, आकार उरला. १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टननं एक पद्धत सुरू केली: दोघांनी एकमेकांवर भार टाकायचा आणि अंग जिथं टेकतं तिथून पुढची हालचाल शोधायची. यात मिठी नाही, शृंगार नाही. निव्वळ वजन आणि तोल. पण चंद्रलेखा? त्यांचा जन्म आपल्याकडचा, महाराष्ट्रातल्या वाडा गावचा. भरतनाट्यम, योग, कलरी ही केरळची युद्धकला, यांतून आलेल्या बाई. २००१ साली त्यांनी एक स्त्री आणि एक पुरुष घेऊन 'शरीर' केलं, तेही इतकं संथ की बघणाऱ्याला स्वतःचा श्वास ऐकू यावा. त्यांना काय म्हणणार, परदेशी?

हां, मधली दहा मिनिटं मलाही कंटाळा आला. गाऊनचा भाग लांबला. मान्य.

आणि एक मैत्रीण आत्ताच मेसेज करून म्हणतेय, अनोळखी स्पर्शाचं इतकं कौतुक नको करूस, सिटी बसमधला हात पण अनोळखीच असतो. माहितीय गं. कॉलेजला असताना पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवायचे मी. त्या हाताला सुद्धा चेहरा नव्हता, मागं वळून बघितलं की चार चेहरे सारखेच निर्विकार. खरं सांगू, हे वाचल्यावर हात थांबला माझा. फरक कसा सांगायचा? नाचात एक गोष्ट होती. दरवेळी हात पुढं सरकायच्या आधी क्षणभर थांबायचा. समोरचं अंग त्याच्याकडं कलायचं, मगच सरकायचा. बसमधला हात थांबत नाही. एवढंच येतंय मला सांगता.

बोटीतला माणूससुद्धा थांबला होता. पावसात, सगळे ओरडत असताना. "आजी, धरू का?" म्हणाला. सासूबाईंनी मान हलवली, मग उचललं.

निवारा केंद्रात त्यांना कुणीतरी दिलेला गाऊन घालावा लागला, जन्मात पहिल्यांदा. फुलाफुलांचा, निळा. शाळेच्या खिडकीच्या काचेत बघून म्हणाल्या, "ही कोण गं?" आणि हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. नंतर घर धुऊन झालं, गाळ निघाला, नऊवाऱ्या उन्हात पडल्या, पण तो गाऊन त्यांनी कुणाला देऊ दिला नाही. आजच्या गाऊनच्या भागाला लांबला म्हणाले मी. लांबलाच होता. पण आता लिहिताना वाटतंय की मला तो बघवत नव्हता.

आणखी एक कबूल करायचंय, आता बसलेच आहे. (हो, बसले. चहा टाकलाय.) बोट मारुती चौकाकडं वळली तेव्हा सासूबाईंनी वर मान करून त्याला विचारलं होतं, "कुणाचा रे तू बाळा?" इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्या वर्षी राखीपौर्णिमा १५ ऑगस्टलाच होती. त्यांनी एक राखी जास्तीची आणायला लावली, आणि ती देवघरात तशीच राहिली. पुढं दोन वर्षं पेपरात पुराचा फोटो आला की आम्ही दोघी भिंग घेऊन बसायचो. हा असेल का? नाही, हा जाड आहे. हा? याच्या तोंडाला फडकं नाही. एकदा तर मी गणपती मंदिराबाहेर एका मुलाला थांबवून विचारलं, तुम्ही बोटीवर होता का? तो घाबरून निघून गेला.

म्हणजे चेहरा मलाही हवा होता. जिन्यावर खांदे आणि बोटं मोजणाऱ्यांत आणि माझ्यात तसा फार फरक नाही, मी भिंग वापरलं इतकंच.

त्या शिट्टीला मात्र माफी नाही. शिट्टी वाजवणारा कोण ते मला माहितीय, त्याच्या आईलाही मी ओळखते.

पण तिसऱ्या रांगेतले ते काका, टक्कल असलेले, "चेहरा दाखवा की" म्हणणारे. घरी येताना आठवलं, ते ओरडले तेव्हा उभे होते. चेष्टेचा आवाज नव्हता त्यांचा, हशा इतरांचा होता. बाहेर पडताना ते जिन्यावरच्या चर्चेत नव्हते. कट्ट्यावर एकटेच बसले होते, चप्पल हातात घेऊन.

परवा सहाला मिरजेत पुन्हा आहे हाच नाच. मी जाणार आहे. त्या काकांना कुणी ओळखत असेल तर कळवा, माझ्याकडं एक पास जास्तीचा आहे.