पंचवीसची रिंग घासून बसवली की बोअरचा खर्च वाचतो? अजिबात नाही

‘गाडी धूर मारते? मेकॅनिक बोअर-पिस्टन सांगून लुटतात. पंचवीसची रिंग आणा, टोकं कानशीने घासा, जुन्याच बोअरमध्ये बसवा. काम फत्ते!’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक, रिंग म्हणजे पिस्टनवरची एका जागी चिरलेली कडी, आणि पंचवीसची म्हणजे ०.२५ मिमी मोठ्या बोअरसाठीची.) पुढे फुकटचे आणखी सल्ले आहेत: बोअर पॉलिश पेपरने घासा, जाड ऑइल टाका, रिंग बसवल्यावर गाडी तासभर जागेवर चालू ठेवा. आमच्या मेव्हण्यांनी तो मेकॅनिकसमोर धरून ‘असंच करा’ म्हणून हट्ट धरला, म्हणून हे लिहावं लागतंय.

धूर दिसला की रिंग गेली, हे मुळातच अर्धवट. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्यात रिंगेचा दोष नाही. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ दोन मिनिटांत जाते. निळा धूर ऑइलचा, पण तोही दोन वाटांनी येतो. पुण्याजवळचा दिवे घाट उतरताना थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) बंद ठेवून खाली आल्यावर पीळ दिला आणि निळा लोट आला, तर बहुधा इंजिनच्या हेडमधलं (सिलिंडरवरच्या झाकणातलं) व्हॉल्व्ह सील किंवा गाइड. घाट चढताना, ओढीवर सतत निळा येत असेल तर संशय रिंग-बोअरवर. खात्री करायची तर इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. मग प्लगच्या भोकातून पाचेक मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर रिंग-बोअर. जागचा हलला नाही तर हेडकडे बघा. हेडचं काम असेल तर ब्लॉक (बोअर असलेला सिलिंडर) उतरवायचं कारणच नाही.

आता ती पंचवीसची रिंग. स्प्लेंडरचंच उदाहरण घेऊ, बोअर ५० मिमी. नव्या रिंगेचा गॅप, म्हणजे बोअरमध्ये तिच्या दोन टोकांमधली फट, ०.२० मिमी धरा. बोअरचा व्यास जेवढा झिजतो त्याच्या ३.१४ पट रिंगेचा गॅप वाढतो, कारण गॅप परिघावर असतो. झीज सगळीकडे सारखी नसते. वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग थांबून परत फिरते, तिथे सर्वात जास्त, खाली जवळपास नाही. समजा वर ०.१० मिमी झीज आहे. स्टँडर्ड रिंग खाली ०.२० गॅप देईल आणि वर ०.५१.

आता पंचवीसची रिंग घासून वर ०.२० गॅप ठेवलात, तर खाली तिला ०.३१ मिमी कमी जागा मिळते. म्हणजे गॅप उणे ०.११! टोकाला टोक भिडणार, रिंग अडकणार, तुटणार आणि बोअरला ओरखडे पाडणार. त्यात रिंग तापून वाढते ते वेगळंच: सिलिंडरपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली तर ५० मिमीच्या रिंगेची लांबी ०.१७ मिमीच्या आसपास वाढते. बरं, शहाणपणाने खाली ०.२० ठेवून घासलीत तर वर पुन्हा ०.५१च. मग स्टँडर्ड रिंगेपेक्षा मिळालं काय? उलट मोठ्या बोअरसाठी घडवलेली रिंग, तिची गोलाई इथे जुळत नाही. आणि पिस्टन तर जुनाच! तो ढिल्या बोअरमध्ये डुलतो, त्याच्याबरोबर रिंगाही खाचेत डुलतात. ऑइल खायचं थांबणार कसं?

निर्णय मेसेजवर नाही, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलवर घ्यायचा असतो. त्यात प्रत्येक मापासमोर दोन रकाने असतात, स्टँडर्ड (नवं माप) आणि सर्व्हिस लिमिट (झिजण्याची मर्यादा). रिंग पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून बोअरमध्ये वर आणि खाली फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजा. पिस्टनच्या खाचेतली रिंगेच्या बाजूची फट मोजा. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, एकमेकींना काटकोनातल्या दोन दिशांनी व्यास घ्या. बोअर मर्यादेत असेल तरच नुसत्या स्टँडर्ड रिंगा. मर्यादेबाहेर असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन घ्यायचा, तो मोजायचा आणि त्याच्या मापाने ब्लॉक बोअर करायचा, म्हणजे भोक कापून मोठं करायचं. ओव्हरसाइज मिळत नसेल तर पुण्याच्या नाना पेठेत ब्लॉक किट (नवा ब्लॉक, पिस्टन, रिंगा) विचारा.

मेसेजमधलं एक वाक्य नाइलाजाने मान्य: न मोजता बोअर-पिस्टन सांगणारे मेकॅनिक आहेत. त्यांना आकडे विचारा. आणि ब्लॉक उतरवलाच असेल, बोअर मापात असेल, तर रिंगा नव्याच टाका. गॅस्केट आणि मजुरीपुढे रिंग सेट स्वस्त पडतो.

पॉलिश पेपर उभा घासून फायदा काहीच नाही, उलट उभे ओरखडे ऑइलला वर जायला वाट देतात. होन (घासायच्या दगडांचं फिरतं हत्यार) फिरवत वर-खाली नेऊन तिरक्या जाळीच्या रेघा पाडायच्या असतात. नंतर बोअर गरम पाणी आणि साबणाने धुवायचा. नुसत्या पेट्रोलने रेघांतली पूड निघत नाही. ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवून ते काळं होईनासं होईपर्यंत धुवा, नाहीतर तीच पूड नव्या रिंगा खाईल. आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या निकासिल (निकेलचा कठीण थर) लेपाच्या बोअरला तर पेपर लावूच नका.

रिंगेवरची खूण वर हवी. दुसरी रिंग उलटी बसली तर ऑइल वर ओढते. गॅप एका रेषेत नकोत, १२० अंशांवर ठेवा.

जाड ऑइलने धूर थोडे दिवस कमी दिसेल, झीज भरून येणार नाही.

आणि तासभर जागेवर चालू ठेवणं तर उलटच काम करतं. रिंगेच्या मागे गॅसचा दाब गेला तरच ती बोअरला दाबून बसते, आयडलवर, म्हणजे जागेवर चालू असताना, तो दाब पुरेसा नसतो. मग बोअर गुळगुळीत चकाकतो आणि रिंग बसतच नाही. गाडी गरम झाली की रस्त्यावर काढा, मध्यम पीळ द्या, सोडा, पुन्हा द्या. एकाच वेगाने लांब पळवू नका, डबलसीट घाट चढू नका. ३०० ते ५०० किमीला पहिलं ऑइल बदला, तोवर पातळी दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा.