कोडी म्हणजे चोरीचे सिनेमे नव्हेत

परभणीतल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. टीव्हीवर ‘कोडी’ (व्हिडिओ आणि गाणी चालवणारे एक फुकट सॉफ्टवेअर) टाकू नका, ते चोरीचे सिनेमे दाखवण्यासाठीच बनवले आहे, फुकट आहे म्हणजे ते तुमची माहिती विकणार, इंटरनेटशिवाय ते चालत नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते जमणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

पहिला आरोप सर्वांत गंभीर आहे आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. एक्सबॉक्स या गेम खेळण्याच्या यंत्रावर व्हिडिओ चालवण्यासाठी हौशी प्रोग्रामरांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाने ‘एक्सबीएमसी’ हे जुने नाव सोडून २०१४ मध्ये कोडी हे नाव घेतले. ते बसवले की पडदा रिकामा दिसतो, कारण त्यासोबत एकही सिनेमा येत नाही. आपल्याजवळचे व्हिडिओ, गाणी आणि फोटो नीट लावून दाखवणे एवढेच त्याचे काम. चोरीचा माल येतो तो बाहेरच्यांनी बनवलेल्या अॅड-ऑनमधून, म्हणजे कोडीला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांमधून, आणि अशी अॅड-ऑन भरून विकल्या जाणाऱ्या, टीव्हीला जोडायच्या बॉक्सना कोडीच्या चमूने स्वतःच जाहीर विरोध केला आहे. तसले बॉक्स घेऊ नका, एवढेच संदेशात असते तर मीही तो पुढे पाठवला असता.

माहिती विकण्याचा आरोप ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक न कळल्यामुळे होतो. कोडीचा कोड ‘जीपीएल’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे, तो कोणीही वाचू शकतो, आणि वापरण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. या परवान्याचे बळ २०१८ मध्ये दिसले: घरचे व्हिडिओ दाखवणाऱ्या ‘एम्बी’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरने याच परवान्याखालचा आपला कोड बंद केला, तेव्हा आधीच्या खुल्या कोडवरून ‘जेलीफिन’ हे नवे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले.

इंटरनेट लागते ते पोस्टर आणि सिनेमाची माहिती उतरवण्यापुरते. हार्ड डिस्कवरची फाइल त्याशिवाय चालते. लाईट अचानक गेली तर, ज्यावर कोडी चालवता येते त्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे मेमरी कार्ड खराब होऊ शकते, ही अडचण मात्र आपल्याकडे खरी आहे. म्हणून मी घरचे व्हिडिओ वेगळ्या डिस्कवर ठेवतो आणि त्यांची एक प्रत कपाटात असते.

राहिला वडीलधाऱ्यांचा प्रश्न. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. मी प्रत्येक फोल्डरमध्ये ‘फोल्डर’ नावाचे एक जेपीजी चित्र ठेवले आहे, ते कोडी फोल्डरच्या जागी दाखवते: काकाच्या लग्नाच्या डीव्हीडीवरून उतरवलेल्या व्हिडिओंना लग्नाचा फोटो, आणि आजीच्याच आवाजात मोबाइलवर टिपलेल्या ओव्यांना जात्याचा. टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय केबलमधून रिमोटचे संकेत पोहोचवणाऱ्या ‘सीईसी’ सोयीमुळे टीव्हीचाच रिमोट चालतो. दुपारी ती बाण दाबत जात्यापर्यंत येते, मधले बटण दाबते आणि आपल्याच ओवीला हळूच साथ देते.