पगार दिसतो, धंदा दिसत नाही
घटस्फोटानंतर आई-बाबा दोघांचं उत्पन्न आणि मूल कुणाकडे किती दिवस राहतं हे बघितलं की मुलाच्या पोटगीचा आकडा आपोआप निघतो म्हणे. आपोआप कसला डोंबलाचा! माझी सॅलरी स्लिप होती, उत्पन्न पैशापर्यंत कळलं, पण मुलीच्या बाबाचा स्वतःचा बिझनेस, गाडी-फोन-पेट्रोल सगळं धंद्याच्या खर्चात आणि कागदावर नफा माझ्या पगारापेक्षा कमी, शेवटी वकिलांनी बँक स्टेटमेंट मागवली तेव्हा कुठे खरं बाहेर आलं.

आणि दिवस मोजताना बऱ्याच ठिकाणी मूल कुणाकडे झोपलं त्या रात्रीच तेवढ्या मोजतात हो. ताप आलाय म्हणून शाळेतून फोन येतो तो भरदुपारी, तेव्हा हाफ डे कोण टाकतं? रक्कम दरवर्षी वाढायचं कलमही आधीच घालून घ्या, मी विसरले, मुलगी पाचवीतून नववीत गेली, आकडा तोच.