ड्यूक कार्ल थिओडोरने कुणाच्याही डोळ्यात मध घातला नव्हता

आत्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मोडली. का म्हणून विचारलं, तर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. घरच्या ग्रुपवर फिरत आलेला तो मेसेज तुमच्यापैकी अनेकांकडेही आला असेल.

मेसेजचा सारांश असा: जर्मनीतल्या बव्हेरियात कार्ल थिओडोर नावाचा घोडदळाचा अधिकारी होऊन गेला. तो राजा लुडविगचा सख्खा भाऊ. १८७०च्या युद्धात त्याच्या तलवारीने एका फ्रेंच शिपायाचे डोळे गेले, म्हणून त्याने प्रायश्चित्ताची शपथ घेतली. भारतातल्या वैद्यांकडून तो गुप्त विद्या शिकला. कॉलेजची पायरी न चढता आणि सुरीला हात न लावता, निव्वळ मध आणि कांद्याच्या रसाने त्याने पाच हजार मोतीबिंदू बरे केले. त्याची बायको पोर्तुगालची राणी होती. आणि शेवटी सल्ला: मोतीबिंदू पिकू द्या, घाई करू नका, रोज रात्री दोन थेंब मध घाला.

आत्याने तो अकरा दिवस घातला. मी गेले तेव्हा ती देवापुढे निरांजन लावत होती. पेटलेली काडी वातीच्या बोटभर शेजारी धरून ती वात पेटायची वाट बघत होती. डावा डोळा लालभडक झालेला, पापण्या चिकटलेल्या. फडताळात औषधाच्या बाटल्यांशेजारी मधाची बाटली आणि बाळाला औषध पाजायचा ड्रॉपर. हे पाहिल्यावर गप्प बसणं मला शक्य नाही.

माणूस खरा आहे, हे आधी सांगते. कार्ल थिओडोर, हेर्त्सोग इन बायर्न, म्हणजे बव्हेरियाच्या धाकट्या पातीचा ड्यूक. जन्म १८३९, स्टार्नबेर्ग तलावाकाठच्या पोसेनहोफेनचा. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ ही त्याची सख्खी बहीण. चौदाव्या वर्षी तो सैन्यात गेला, १८६६ साली प्रशियाविरुद्धच्या आणि १८७०-७१ साली फ्रान्सविरुद्धच्या युद्धात होता, आणि घोडदळाच्या जनरलपदापर्यंत चढला. बव्हेरियाच्या तिसऱ्या हलक्या घोडदळ रेजिमेंटला त्याचंच नाव होतं. तो डोळ्यांचा डॉक्टर झाला हेही खरं. एवढं खरं आहे म्हणूनच बाकीचं खोटं खपतं.

‘राजाचा सख्खा भाऊ.’ नाही. कार्ल थिओडोरची आई लुडोविका ही राजाच्या, म्हणजे दुसऱ्या लुडविगच्या, आजोबांची सावत्र बहीण, म्हणजे त्याच्या वडिलांची आत्या. कार्ल थिओडोर हा राजाच्या वडिलांचा आतेभाऊ झाला. मराठीत ही नाती सांगायला नेमके शब्द असताना सरसकट ‘सख्खा भाऊ’ लिहायची गरज नव्हती.

‘बायको पोर्तुगालची राणी.’ तीही नाही. मारिया जोसेफाचे वडील मिगेल पोर्तुगालच्या गादीवर होते, पण १८३४ साली ते पदच्युत होऊन देशाबाहेर गेले. ही मुलगी १८५७ साली जर्मनीत ब्रोनबाखला जन्मली आणि १८७४ साली कार्ल थिओडोरची दुसरी पत्नी झाली. राणी झाली ती त्यांची मुलगी एलिझाबेथ, बेल्जियमची, तीही बाप गेल्यावर तीन-एक आठवड्यांनी. मारिया जोसेफाबद्दल सांगण्यासारखं खरं म्हणजे ती नवऱ्याच्या शेजारी उभी राहून रुग्णांचं काम करायची. त्याची मदतनीस तीच होती. ते सोडून तिला खोटा मुकुट कशाला घालायचा?

तलवारीची आणि शपथेची गोष्ट तर सिनेमातली वाटते. तिला कसलाही आधार मेसेजमध्ये नाही आणि घटनांच्या क्रमातही ती बसत नाही. त्याची पहिली पत्नी, सॅक्सनीची सोफी, लग्नाला दोनच वर्षं झाली असताना मार्च १८६७मध्ये वारली. तेव्हा ती बावीसचीही नव्हती, आणि मागे सव्वा वर्षाची मुलगी होती. त्यानंतर तो अभ्यासाकडे आणि पुढे वैद्यकाकडे वळला. सत्तावीस वर्षांचा विधुर बाप पुस्तकं उघडून बसतो, हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

‘कॉलेजची पायरी चढला नाही.’ याचा मला सगळ्यात राग येतो, कारण यामागचा संदेश असा की डॉक्टरी शिकावी लागत नाही. हा माणूस म्युनिकच्या विद्यापीठात वैद्यक शिकला आणि १८८० साली त्याला रीतसर डॉक्टरीचा परवाना मिळाला. त्याहून मोठा पुरावा त्याने स्वतः लिहून ठेवलाय. १८८७ साली वीसबाडेनहून त्याचं पुस्तक निघालं: मूत्रपिंडाच्या विकारात डोळ्याच्या आत काय बिघडतं, यावर. तो विकृतिशास्त्राचा ग्रंथ आहे, शास्त्रज्ञाने शास्त्रज्ञांसाठी लिहिलेला. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे डोळे आजही तपासतात, त्या विषयावर एक जनरल त्या काळी पुस्तक लिहितो, आणि आपण मेसेज पाठवतो की तो शिकला नव्हता.

इथे एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. त्याची वाट सामान्य विद्यार्थ्यासारखी नव्हती. विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली होती, त्याच्याकडे पैसा होता, मोकळा वेळ होता, आणि त्याच्यासाठी जी दारं उघडली ती शेतकऱ्याच्या पोरासाठी उघडली नसती. पण ड्यूक असल्याने दार उघडलं तरी डोळ्यात सुरी धरणारा हात काही वाडवडिलांकडून मिळत नाही.

आता मध, कांदा आणि ‘सुरीला हात न लावता’.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नाही, की वरून पुसला आणि गेला. बाहुलीच्या मागे पारदर्शक भिंग असतं. त्यातली प्रथिनं वयानुसार गुठळ्या धरतात आणि भिंग गढूळ होतं. अंड्याचा पांढरा भाग एकदा शिजला की परत पाण्यासारखा होत नाही, तसंच हे. शिवाय हे भिंग बुबुळाच्या आत, स्वतःच्या आवरणात बंद असतं. मोतीबिंदू विरघळवणारा थेंब आजपर्यंत कुणीही सिद्ध केलेला नाही. निर्जंतुक केलेल्या मधाचे खास थेंब काही देशांत कोरड्या डोळ्यांसाठी वापरतात, हे मला ठाऊक आहे. ते भिंगाला स्पर्शही करत नाहीत, आणि फडताळातली बाटली म्हणजे ते थेंब नव्हेत. त्या बाटलीतून बुबुळाला जंतुसंसर्ग होतो, जखम होते, आणि जखमेचा डाग राहिला तर मोतीबिंदू काढूनही नजर धूसरच राहते.

कार्ल थिओडोरच्या काळात मोतीबिंदू काढायचे ते कापूनच. फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने भिंग बाहेर काढायची शस्त्रक्रिया अठराव्या शतकाच्या मध्यालाच सुरू केली होती. १८८४ साली कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. त्याआधी लोक शुद्धीत, वेदना सोसत हे करून घेत. बुबुळाच्या कडेला सुरीने अर्धगोल छेद, भिंगाचं आवरण फाडायचं, दाब देऊन आतला कठीण गाभा बाहेर काढायचा. मग डोळे बांधून रुग्ण दिवसचे दिवस उताणा. आत बसवायला कृत्रिम भिंग नव्हतं, ते १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा बसवलं. त्यामुळे जन्मभर जाडजूड भिंगांचा चष्मा. कार्ल थिओडोरने हे काम बव्हेरियातल्या टेगर्नझेला केलं, आल्प्समधल्या मेरानला केलं, आणि १८९५ साली म्युनिकच्या निम्फेनबुर्गर रस्त्यावर डोळ्यांचं रुग्णालय काढलं. गरिबांकडून तो पैसे घेत नसे. १९०९मध्ये तो गेला तोवर पाच हजारांवर मोतीबिंदू काढले गेल्याची नोंद सांगतात. मेसेजमधला पाच हजारांचा आकडा तिथून उचललाय आणि सुरी तेवढी गाळलीय. ते रुग्णालय त्याच्या नावाने आजही चालू आहे आणि तिथे आजही मोतीबिंदूचं ऑपरेशनच करतात.

‘भारतातल्या वैद्यांची गुप्त विद्या’ म्हणे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूवरचा उपचार आहे, त्याचा मला अभिमान आहे, आणि त्यात गुप्त काहीच नाही. पण तिथे सुश्रुत काय सांगतात? शलाका, म्हणजे टोकदार सळई, घ्या आणि डोळ्याला छेद द्या. म्हणजे ज्यांचं नाव पुढे करून शस्त्र नको म्हणताय, त्यांनीच शस्त्र हातात घेतलं होतं.

राहिलं ‘पिकू द्या’. हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात, माझी आजीही म्हणायची, आणि त्या काळापुरतं ते बरोबर होतं. कच्च्या मोतीबिंदूचा मऊ, चिकट भाग काढताना आत राहून जायचा, म्हणून कार्ल थिओडोरच्या पिढीचे डॉक्टर पूर्ण पिकायची वाट बघत. आज सूक्ष्मदर्शकाखाली, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून, ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात. त्यात पिकून दगड झालेलं भिंग फोडायला जास्त जोर लागतो आणि बुबुळाच्या आतल्या थराला इजा व्हायची भीती वाढते. फार पिकलेलं भिंग फुगतं किंवा पाझरतं, डोळ्याचा दाब चढतो आणि काचबिंदू होतो. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. ज्या दादाने हा मेसेज ‘आत्या, वाच’ लिहून पाठवला, त्याने निदान हे वाक्य दोनदा वाचावं.

आत्याला मी दुसऱ्या दिवशी तपासणीला नेलं. डाव्या बुबुळावर ओरखडा निघाला, दाब सुदैवाने ठीक होता. ओरखडा भरेपर्यंत ऑपरेशन पुढे गेलं. परतताना रिक्षात तिला ड्यूकची खरी गोष्ट सांगितली. बायको शेजारी उभी राहून मदत करायची, हे ऐकल्यावर तिने विचारलं, "मग माझ्या वेळी तू आत थांबशील का?" आत सोडत नाहीत, पण दारापाशी थांबेन म्हटलं. नवी तारीख पुढच्या महिन्यातल्या गुरुवारची आहे, सकाळी सातला निघायचंय. मधाची बाटली मी येताना पिशवीत घालून घेऊन आले.