क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) शिकून पुढे काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "नोकऱ्या नाहीत, धोरण आयएएस अधिकारी ठरवतात, आकडेमोड कुणीही स्टॅटिस्टिक्सवाला करील. मग क्रिमिनॉलॉजी करून धोरण-संशोधनात जा असं सांगून पोरांना का फसवता?" असं तुम्ही या विषयावरच्या माझ्या लेखावर विचारलंत. तुमचा पुतण्या याच विषयात एम.ए. करून आज बँकेत आहे, हेही लिहिलंत.

नोकऱ्या मोजक्या आहेत, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मी ते लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. बहुतेक कामं प्रकल्पापुरती, अकरा महिन्यांच्या करारावर असतात. एका प्रकल्पाचे पैसे मध्येच थांबले तेव्हा माझं तीन महिन्यांचं भाडं भावाने भरलं होतं. ही माहिती आता लेखात घातली आहे.

'कुणीही करील' हे मात्र मला पटत नाही. एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या अहवालात एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. घरफोडीत खून झाला, तर तिथे खून दिसतो, घरफोडी दिसत नाही. केरळचा गुन्ह्यांचा दर मोठा दिसतो, त्यात तिथे तक्रार सहज नोंदवली जाण्याचाही वाटा असतो. हे ठाऊक नसलेला माणूस त्याच आकड्यांवरून पोलीस ठाणी कुठे वाढवायची ते सांगू लागला, तर सल्ला चुकणारच.

तुरुंगांचं बघा. २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले. शंभरात पंचाहत्तरांहून जास्त! यातल्या काहींना जामीन मंजूर झालेला असतो, तरी ते आतच असतात. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत. चांगलीच गोष्ट आहे. पण कोर्टाने जामीनदार मागितला असेल तर? परप्रांतातून आलेल्या, फुटपाथवर राहणाऱ्या पोराला या शहरात रेशनकार्डवाला, सॉल्व्हन्सीचा (ऐपतीचा) दाखला आणणारा जामीनदार कोण मिळणार? पैशाची अडचण सुटली तरी ही सुटत नाही. किती जण पैशाअभावी अडकलेत आणि किती जामीनदाराअभावी, हे तुरुंगातली रजिस्टरं चाळून, कैद्यांशी बोलून वेगळं काढावं लागतं. धोरण-संशोधन म्हणतात ते हेच, आणि रजिस्टरमध्ये काय शोधायचं हे आमचा विषय शिकवतो. टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून मुंबईत अशा कैद्यांबरोबर काम करतो. दिल्लीत कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह ही मानवी हक्कांवर काम करणारी संस्था आहे, सरकारचा स्वतःचा बीपीआरडी (पोलीस संशोधन व विकास ब्यूरो) १९७० पासून आहे. दारं थोडीच आहेत, पण आहेत.

पुतण्याची पदवी वाया गेली असं मला वाटत नाही. कागद नसलेला माणूस खिडकीवरून कसा परत जातो, हे तो रोज बघत असेल. जामिनावर पुढचा लेख लिहितोय, त्यासाठी मला त्याच्याशी बोलायला आवडेल. त्याची हरकत नसेल तर कळवा.