सहावा स्लॅब कधी भरलाच नव्हता

कंपनीने रोजच्या नोंदीचं सॉफ्टवेअर घेतलं, तुमच्या हातात टॅब दिला आणि तुम्ही त्यात खरं लिहायला लागलात. चूक तिथेच झाली. आता प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतोय, "ती बारा तारखेची एन्ट्री काढून टाक रे." घाबरू नका. ज्याने साइटवर केस पांढरे केलेत, त्याचं ऐका.

आधी तुम्ही काय लिहून ठेवलंय ते बघू. 'सहाव्या मजल्याचा स्लॅब, ९० घनमीटर काँक्रीट, १५ गाड्या. नववी गाडी प्लँटवरून ११.१० ला निघाली, नवले पुलापाशी अडकली, साइटवर २.०५ ला. ड्रायव्हरने ड्रममध्ये पाणी मारलं, नको म्हटलं तरी. २.४० ला गाडी रिकामी. ३.१५ ते ४ जोराचा पाऊस, काम बंद. ताडपत्री कमी पडली.'

अहो, हा डेली लॉग आहे की कबुलीजबाब? त्यात 'वर्क इन प्रोग्रेस' लिहायचं असतं. मजूर काल होते तेवढेच आणि हवामान 'क्लिअर'. भर जुलैत छत्री धरून हवामान क्लिअर लिहिणारे इंजिनिअर या हातांनी घडवलेत. आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक, म्हणतो, आरएमसीची, म्हणजे प्लँटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटची, गाडी भरल्यापासून साधारण दोन तासांत रिकामी व्हावी. तुम्ही तर साडेतीन तासांचा हिशोब स्वतःच्या हाताने मांडून ठेवलात. गाडी परत पाठवायला हवी होती हे खरं, पण तेव्हा आठ गाड्या ओतून झाल्या होत्या, मध्ये कोल्ड जॉइंट, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, आला असता, आणि मॅनेजर फोनवर म्हणाला होता, "घे रे, काही होत नाही." हे वाक्य मात्र तुम्ही लॉगमध्ये टाकलं नाहीत. एकच गोष्ट लिहायची होती, तीच राहिली.

असो. एन्ट्रीच्या उजव्या टोकाला कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे, ते दाबा. 'नक्की काढायचं?' विचारेल. हो म्हणा. ओळ गेली. मॅनेजरचंही लॉगिन आहे, तरी ती ओळ त्याने तुमच्याच लॉगिनमधून काढायला लावली, यात त्याचा तुमच्यावरचा विश्वास बघा.

आता चहा मागवा. तो येईपर्यंत किरकोळ कामं उरकू.

सॉफ्टवेअरमध्ये बदलांच्या इतिहासाचा एक कप्पा असतो. काल तुमच्या नावावर एकच नोंद होती, ड्रायव्हरने पाणी मारल्याची. आज दोन आहेत. ड्रायव्हरने पाणी मारलं, आणि ते तुम्ही रात्री ९.४७ ला पुसलंत. हा कप्पा तुमच्या लॉगिनवरून रिकामा होत नाही. शिवाय बारा तारखेलाच संध्याकाळी ७ ला दिवसाची पीडीएफ आपोआप कन्सल्टंटकडे गेलीय. त्यांच्या मेलबॉक्समध्ये शिरायची काहीतरी सोय बघा. प्लँटच्या बॅच स्लिपवर सुटण्याची वेळ छापलेली आहे, ती स्लिप चलानाला टाचलेली आहे, आणि बिल निघाल्याशिवाय अकाउंट्सवाले चलान सोडत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुपरवायझरने ताडपत्री धरून भिजणाऱ्या बिगाऱ्यांचा फोटो टाकलाय. खाली अक्षांश, रेखांश, वेळ ३.२२. त्यावर मॅनेजरने अंगठा दिलाय.

आणि गेटवरचा वॉचमन. त्याला लॉगिन नाही. त्याच्याकडे रेघांची वही आहे आणि सुतळीने बांधलेलं पेन. गाडी नंबर, आत, बाहेर, ड्रायव्हरची सही. त्या वहीत डिलीटचं बटण नाही, पान फाडलं तर शिवण उसवते.

राहता राहिले क्यूब, ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे भरलेले ठोकळे. ९० घनमीटरला कोडप्रमाणे किमान ५ नमुने, नमुन्याला ३ क्यूब, म्हणजे १५ क्यूब टाकीत पडलेत. प्रत्येकावर रंगाने तारीख घातलीय, एका नमुन्यावर गाडी नंबर नऊ. लॉगप्रमाणे बारा तारखेला साइटवर काँक्रीटचं घमेलंही उचललं गेलं नाही. म्हणजे या पोरांना ना आई ना बाप, तरी २८ दिवसांचे झाले की लॅबमध्ये जाऊन दाबून घेणार. सातवा मजलाही मग पाचव्यावरून उडी मारून वर गेला असं धरायचं.

जुनी सरकारी मंडळी या बाबतीत फारच मागासलेली. मेजरमेंट बुकाची, म्हणजे कामाची मापं लिहायच्या वहीची, पानं क्रमांक घातलेली, खोडरबर बंद, चूक झाली तर आडवी रेघ मारून सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे म्हणे.

तुम्ही म्हणाल, कोर्टकचेरी झाली तर? कोर्टापुढे येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैदेची सोय आहे. पण एवढा लांबचा विचार साइटवर करत नाहीत. साइटवर मुदतवाढीचा करतात. आम्हीही एकदा केला होता. साहेबांना मुख्यालयात प्रगती दाखवायची होती, म्हणून पावसाळ्यातले सगळे बंद दिवस आम्ही दोघांनी एका रात्रीत साफ केले. वडापाव साहेबांनी दिला. पुढे काम लांबलं, दंड लागला, आणि पावसाचे दिवस वजा करा म्हणून आम्ही फाइल घेऊन गेलो. समोरच्या माणसाने आमचाच लॉग आमच्यापुढे सरकवला. अख्खा जुलै क्लिअर. काम कशाने अडलं ते लिहायचं हिंडरन्स रजिस्टर कोरं करकरीत. "पाऊस कुठे झाला?" त्याने विचारलं. बाहेर तेव्हाही पडत होता.

तर तुम्ही बिनधास्त दाबा. २८ दिवसांनी लॅबचा रिपोर्ट येईल, नवव्या गाडीचे क्यूब ताकदीत कमी भरतील, कन्सल्टंट विचारेल त्या दिवशी नेमकं काय झालं. मॅनेजर सगळ्यांसमोर टॅब उघडेल, बारा तारखेवर बोट ठेवेल, कोरं पान बघून तुमच्याकडे वळेल. "तू डेली लॉग भरत नाहीस?"

संध्याकाळपर्यंत मेमो निघेल. तोही त्याच सॉफ्टवेअरमधून. तुमच्या लॉगिनवर त्याच्या उजव्या टोकाला कचऱ्याचा डबा नसेल.