डॉक्टरांची गाडी, फक्त नऊ हजार चाललेली

जुनी राजदूत ३५० मोटारसायकल घ्यायची ठरवलीत? अभिनंदन. निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे पैसे देणं, आणि ते कसं करायचं हे समोरचा माणूस सांगेलच.

गाडी बघायला जाण्याआधी थोडं पाठांतर मात्र करा. जपानमध्ये यामाहाने १९७३ साली आरडी ३५० काढली. आपल्याकडे १९८३ पासून फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने ती राजदूत नावाने बनवली आणि दशक संपता संपता गुंडाळली. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या वाट्याला ड्रम आला. ती ३९ हॉर्सपॉवरची, आपली आधीची, हाय टॉर्क नावाची, साडेतीसची, नंतरची लो टॉर्क साधारण सत्तावीसची. म्हणजे पळणं थोडं कमी केलं आणि थांबणं बरंच कमी केलं. लोकांनी आरडीचा अर्थ ‘रॅपिड डेथ’ असा लावला तो काही उगाच नाही. हे सगळं विकणाऱ्यासमोर घडाघडा म्हणून दाखवा. त्याला लगेच कळेल, की या गिऱ्हाइकाने गाडी मनात कधीच घेतलेली आहे, आता घासाघीस करेल ती फक्त रीत म्हणून.

आमचे आजोबा बैलबाजारात गेले, की आधी बैलाचे दात बघायचे, मग त्याला चालवून बघायचे आणि शेवटी धन्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. तुम्ही क्रम उलटा ठेवा. धन्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवा, गाडी तो चालवून दाखवेल आणि दातांचं काय, ते मीटरवर लिहिलेलेच आहेत: ९,२१४.

“डॉक्टरांची गाडी आहे,” तो म्हणेल. असणारच. फरीदाबादहून जेवढ्या आरडी बाहेर पडल्या, त्याहून जास्त महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी विकत घेतल्या. हे डॉक्टर फक्त रविवारी गाडी काढायचे, तीही पाऊस नसेल तर, देवळापर्यंत. मग ते अमेरिकेला मुलाकडे गेले. यात शिक्षक, वायरमन किंवा दूधवाला कधीच नसतो. दूधवाल्याने नऊ हजार किलोमीटर चालवलेली गाडी तुम्ही घ्याल का? मग.

आता मीटर. आरडीच्या मीटरची केबल पुढच्या चाकाच्या हबमधून वर येते आणि मीटरच्या बुडाशी एका गोल नटाने अडकते. नट सोडला की केबल हातात. गाडी खंडाळ्याला जाऊन येते आणि मीटर घरीच राहतं. हे तुम्हाला माहीत असलं तरी तिथे बोलायचं नाही. चांगल्या घरचे लोक असं बोलत नाहीत.

खाली वाकायचंही नाही. वाकलं की नको ते दिसतं. किकचं रबर गुळगुळीत झालेलं असतं, ब्रेक पेडलची एक कड पायाने घासून चमकत असते, चावीचं भोक इतकं मोकळं झालेलं असतं की आइस्क्रीमच्या काडीनेही गाडी चालू व्हावी. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तिथे २३१६ दिसलं, तर तो टायर २०१६च्या तेविसाव्या आठवड्यातला. नऊ हजारांत हा कितवा जोड, असा प्रश्न मनात आला तर स्वतःची समजूत घाला, की टायर उभ्या उभ्यासुद्धा म्हातारे होतात. हे खरंच आहे. त्यामुळे तो माणूस खोटं बोलतोय हे काही सिद्ध होत नाही, आणि तुम्हाला तेवढाच आधार पुरेसा आहे.

पिस्टनचं तर नावच काढू नका. मुळात बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६४ मिलिमीटर. सिलिंडर झिजला की तो घासून पाव मिलिमीटर मोठा करतात आणि तेवढाच मोठा पिस्टन बसवतात. पुन्हा झिजला की पुन्हा पाव. कितवा पिस्टन आहे हे त्याच्या डोक्यावरच कोरलेलं असतं. पण “हेड काढून बघू का?” असं विचारणं म्हणजे पंगतीत बसल्यावर मुदपाकखाना दाखवा म्हणण्यासारखं आहे.

गाडी तुम्ही पोचायच्या आधीच एकदा चालू करून ठेवलेली असेल. पहिल्या किकला ती फुर्रकन उठेल आणि विकणारे काका तुमच्याकडे असे बघतील, की जणू त्यांनी ती आत्ताच घडवली. सायलेन्सरला हात लावू नका. हात भाजेल, आणि नाहक संशय येईल.

बरं, समजा काका हरिश्चंद्राचे अवतार आहेत आणि ९,२१४ हा आकडा सोळा आणे खरा आहे. मग तर तुमच्या भाग्याला सीमाच नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी सील असतात. गाडी चालती राहिली तर ते तेलात भिजून मऊ राहतात. तीस-पस्तीस वर्षं गाडी चादरीखाली उभी राहिली, तर ते पापडासारखे कडक होतात. उजवीकडचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळायला लागतं आणि मागे पांढरा धूर निघतो. काका म्हणतील, “टू-टी ऑइल जरा जास्त पडलंय.” डावीकडचं गेलं तर मात्र धूरबीर काही नाही, उलट गाडी जास्तच मोकळी पळते, कारण ती पेट्रोलबरोबर फुकटची हवा ओढत असते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होऊन बसतो. हे साधारण ऐंशीच्या वेगात घडतं आणि मागचं चाक जागीच थांबतं. जुने आरडीवाले दोन बोटं कायम क्लचवर ठेवून चालवतात ती स्टाइल नव्हे, इंजिन जाम झालं की क्लच दाबून चाक सोडवायची तयारी असते.

सील बदलायचे तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. आणि जाहिरातीतलं सगळ्यात मोठं अक्षर काय होतं? ‘इंजिन खोललेलं नाही.’ त्याच एका वाक्याचे तुम्ही लाखभर जास्त मोजलेत.

बाकी किरकोळ. टाकीत आतून गंज, कार्बोरेटरच्या जेटमध्ये वाळलेलं पेट्रोल. लो टॉर्क गाडी विकताना हाय टॉर्क होते, त्यालाही इलाज नाही.

सरकारी बाजू बघू. लोकांना सांगताना ‘व्हिंटेज’ म्हणायला हरकत नाही, पण आरटीओत म्हणू नका. २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज व्हायला गाडीचं वय ५० लागतं. १९८३ची गाडी तिथे २०३३ साली पोचेल, तोवर ती नुसतीच जुनी. दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, चेसिस नंबरवर पेन्सिल घासून काढलेला ठसा, आणि काउंटरपलीकडच्या साहेबांचा प्रश्न: “ही अजून चालते?” पन्नाशी गाठली की नव्या नोंदणीचे २० हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळेल आणि मग ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही, असा नियम आहे. म्हणजे कायद्यानेही शेवटी डॉक्टरांचंच ऐकलं.

घरी आणल्यावर आई गॅलरीतून बघेल आणि म्हणेल, “ही तर ह्यांच्याकडे होती तसलीच. पेट्रोल परवडेना म्हणून सहा हजारांना दिली.” तिला म्हणावं, आई, किमतीचा विषय नको.

पहिले काही रविवार तुम्ही ती पार्किंगमध्ये नुसती चालू करून उभे राहाल. धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईल, खिडक्या एकेक करून बंद होतील, तळमजल्यावरच्या जोशीकाकू पापड आत घेतील. शेजारची पोरं विचारतील, काका, चालवत का नाही? तुम्ही त्यांना ९,२१४चं महत्त्व समजावून सांगाल. दर किलोमीटरला गाडीचा भाव उतरतो, हा हिशोब तुमचा आता तोंडपाठ असेल.

मग एका सकाळी, पहिला पाऊस पडून गेल्यावर, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावंसं वाटेलच. माणूस आहात. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. तुम्ही मीटरकडे बघाल, इकडेतिकडे बघाल, मग खाली बसून मीटरच्या बुडाशी हात घालाल. बरोबर आणलेली पक्कड लागणारच नाही. नट दोन बोटांनीच सुटेल, मऊ लोण्यासारखा, आटे झिजून पार गुळगुळीत झालेले.